धावत्या घराचा उभा खर्च

१९७३ साली जनरल मोटर्सने अमेरिकेच्या बाजारात एक देखणे मोटारहोम आणले. चूल, बिछाना आणि न्हाणीघर यांसह चाकांवर उभे असलेले हे घर सुमारे साडेसात लिटर क्षमतेच्या इंजिनावर चाले आणि लिटरभर पेट्रोलमध्ये जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर जाई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली आणि स्वस्त इंधनावर पोसलेल्या या हौसेला जबर धक्का बसला. १९७८ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. जुने मोटारहोम घेऊ पाहणारा आजही प्रथम विचारतो तो हाच प्रश्न : गाडी लिटरला किती जाते?

प्रश्न रास्त आहे. परंतु पुरेसा नाही. एक गाडी लिटरला ३ आणि दुसरी ४ किलोमीटर जाते असे धरू. वर्षाला ६,००० किलोमीटर प्रवास झाला, तर पहिलीला २,००० आणि दुसरीला १,५०० लिटर इंधन लागेल. लिटरला एक डॉलर भाव धरल्यास फरक ५०० डॉलरचा. या बचतीसाठी १०,००० डॉलर अधिक मोजणाऱ्याला ते वसूल होण्यास २० वर्षे लागतील! शिवाय वेग वाढला की वाऱ्याचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अमेरिकेने १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली ती इंधन वाचविण्यासाठीच. ती १९९५ मध्ये उठली. निसर्गाचा नियम मात्र कायम आहे. तेव्हा इंधनाचा खर्च काही अंशी तरी चालकाच्या हाती असतो.

देखभालीचे तसे नाही. इंधन धावताना लागते. देखभालीचा खर्च गाडी उभी असतानाही चालूच राहतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होऊन चिरते. छताच्या सांध्यांतील लांबण सुकले की पाणी झिरपते आणि आतले लाकूड कुजते. वरून मात्र रंग चकाकत असतो. जनित्र महिनोन् महिने बंद राहिले तर त्यातील पेट्रोल घट्ट होऊन बसते. म्हणून ‘गाडी फारशी वापरलेली नाही’ ही विक्रेत्याची शिफारस नेहमीच गुण ठरत नाही. डिझेलचे इंजिन लिटरला काहीसे अधिक जाते, पण त्याला तेल अधिक लागते आणि दुरुस्तीही महाग पडते.

हा हिशेब केवळ हौशी प्रवाशांचा नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अनेक वृद्ध अमेरिकनांनी घरभाडे परवडेनासे झाल्यामुळे जुन्या गाड्यांतच बिऱ्हाड थाटले; जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकाने त्यांचे जीवन जगापुढे आणले. अशा माणसाची गाडी बिघडली की वाहन आणि छप्पर दोन्ही एकाच वेळी जातात.

म्हणून किमतीची घासाघीस करण्यापूर्वी छतावर चढून पाहावे, टायरवर कोरलेला निर्मितीचा आठवडा व वर्ष वाचावे, दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात आणि सुटे भाग मिळतात की नाही याची चौकशी करावी. १९७३ ची ती खादाड गाडी आजही काही मालक चालवितात, ती तिचे भाग मिळतात आणि ते तिची निगा राखतात म्हणून. खरेदीसाठी जमविलेली सारी पुंजी सौद्यातच संपविणाऱ्याजवळ पहिल्या दुरुस्तीसाठी काहीच उरत नाही. पुंजीचा एक भाग आधीच बाजूला ठेवून उरलेल्यात बसेल तीच गाडी त्याने घ्यावी.