कामगारांचे आरोग्यसंरक्षण व निवडीचे स्वातंत्र्य : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
सातारा व सांगली जिल्ह्यांत सहकारी साखर कारखान्यांबरोबरच सातारा, मिरज, कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींत मोठा कामगारवर्ग आहे. वैद्यकीय संरक्षणाची योजना निवडण्याचा अधिकार या कामगारास कितपत आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्याची चौकट :
कर्मचारी राज्य विमा कायदा, 1948 ची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. दहा वा अधिक व्यक्ती काम करीत असलेल्या आस्थापनांस राज्य विमा सक्तीचा आहे. 2017 मध्ये पात्रतेची वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये, तर 2019 मध्ये वर्गणी मालकासाठी 3.25 टक्के व कामगारासाठी 0.75 टक्के ठरली. वेतन या मर्यादेपलीकडे गेल्यास चालू वर्गणी-कालावधीनंतर कामगार योजनेबाहेर पडतो. पुढे मालकाने गटविमा घेतलाच, तर विमा कंपनी व विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे मालकच ठरवितो. हंगामी कारखाने मात्र मुळातच वगळलेले असून, केवळ साखर वा गूळ उत्पादन करणारे कारखाने त्यांत मोडतात. म्हणजेच संरक्षण कामगाराच्या गरजेवरून नव्हे, तर कारखान्याच्या प्रकारावरून ठरते.

निवडीचा प्रस्ताव व त्याच्या मर्यादा :
28 फेब्रुवारी 2015 च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राज्य विमा किंवा मान्यताप्राप्त खाजगी आरोग्य विमा यांपैकी एकाची निवड कामगारास देण्याचे सूचित केले. संहितेत ही तरतूद आली नाही. हा पर्याय वरकरणी आकर्षक वाटतो. परंतु खाजगी विमा मुख्यतः रुग्णालयातील खर्च भागवितो. राज्य विम्यात बाह्यरुग्ण उपचार, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रोख लाभ व प्रसूतिलाभही मिळतो. शिवाय वर्गणी वेतनानुसार व उपचार गरजेनुसार असल्याने, अधिक वेतनाचे निरोगी कामगार बाहेर पडल्यास उरलेल्यांचा निधी दुबळा होईल.

निष्कर्ष :
वैयक्तिक निवडीचा अधिकार आज नाममात्र आहे. मालक व बहुसंख्य कामगार सहमत असल्यास दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेसही राज्य विमा लागू करता येतो. कामगारांच्या सामूहिक इच्छेस कायद्याने दिलेले हे महत्त्वाचे स्थान होय. मात्र तेथेही मालकाची संमती अनिवार्य आहे. जवळ दवाखाना, डॉक्टर व औषधे नसतील, तर कागदावरील कोणतीही निवड निरर्थक ठरते. म्हणून योजनांची संख्या वाढविण्यापूर्वी हंगामी कामगारांचा समावेश व सेवेची गुणवत्ता यांस प्राधान्य देणे आवश्यक आहे.