खैर आणि कत्थई रंग

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या साडी बाजारात शेड कार्ड चाळताना मरूनशेजारी कत्थई दिसला, तर जरा थांबा. हा रंग मुळात एका झाडाचा आहे. खैराचा! बाभळीसारखी बारीक पानं, वाकडे काटे, चपट्या शेंगा. डांगच्या जंगलात आणि कोकणातही तो आहे.

रंग असतो खोडाच्या गाभ्यात. बाहेरचं पांढरट लाकूड तासून काढायचं, आतल्या लालसर ढलप्या तासन्‌तास उकळायच्या, पाणी आटवायचं. थंड झाल्यावर खाली बसतो तो विड्याचा कात. उरलेल्या अर्कात टॅनिन भरपूर. त्यात सूत रंगवायचे, कातडी कमवायचे, कुजू नयेत म्हणून सुती जाळीसुद्धा बुडवायचे. रायगडातले कातकरी, गुजरातेतले काथोडी पिढ्यान्‌पिढ्या याच कामात होते. सोळाव्या शतकात खंभातचा कात मलाक्यापर्यंत जायचा.

विडा रंगतो तो मात्र कात चुन्याला भेटल्यावरच.

आता गंमत बघा, आजच्या सुरती कत्थई साडीत बहुधा खैराचा थेंबही नसतो. पॉलिएस्टर कात धरत नाही. त्याला डिस्पर्स डाय लागतात, तेही दाबाखाली, १३० अंशांच्या आसपास. कात चढतो सुती आणि रेशमी कापडावर. खरा कत्थई बघायचा असेल तर तिथे बघा.