बाळोत्यांचा हिशेब

गेल्या आषाढात लेक बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिच्या सामानाबरोबर डायपरची दोन मोठी खोकीही आली. आमच्या पिढीने बाळोती, दुपटी आणि त्रिकोणी लंगोट यांवर मुले वाढवली. त्यामुळे मला ते रुचले नाही, पण बोलले नाही. बोलली ती लेकच. बाळ दीड महिन्याचे असताना एका सकाळी कचरा नेणाऱ्या बाई आमची पिशवी उघडून सुका कचरा हाताने वेगळा करू लागल्या आणि आदल्या रात्रीचे डायपर त्यांच्या हाती आले. लेक दारातच उभी होती. ‘‘आई, हे आपण कुणाच्या हातात देतो आहोत?’’ एवढेच ती म्हणाली.

एकदाच वापरून फेकायच्या डायपरमध्ये प्लॅस्टिकचे थर आणि ओल शोषून घेणारी रासायनिक भुकटी असते. त्याचे खत होत नाही, आणि भंगारवालाही ते घेत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात केली आणि ते नीट गुंडाळून देणे बंधनकारक केले. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, ती याच कारणासाठी. लाल ठिपक्याने वेचणाऱ्या बाईंचा हात वाचतो. कचरा मात्र तेवढाच राहतो.

लेकीने उत्साहाने बारा रंगीत कापडी डायपर मागवले. पहिला आठवडा फजितीचा गेला. भाद्रपदाची झड लागलेली, आतल्या जाड घड्या दोन-दोन दिवस वाळेनात. कपडे मऊ राहावेत म्हणून मी धुताना सुगंधी कंडिशनर घातला, तर कापड ओल शोषेनासे झाले. त्या द्रवाचा लेप धाग्यांवर बसतो, हे मला ठाऊक नव्हते. बाळाच्या मांड्या लाल झाल्या आणि चार दिवस पुन्हा खोक्यातले डायपर बाहेर आले.

तेव्हा मी कपाटातल्या जुन्या मलमलच्या साड्या काढल्या. कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात एवढे तरी सुचायलाच हवे होते! वारंवार धुतलेले सुती कापड पाणी चटकन शोषते. नव्या सुती घड्या मात्र वापरण्यापूर्वी चार-पाच वेळा धुवाव्या लागतात. मलमलचे चौकोन एकपदरी वाळत असल्याने पावसातही पंख्याखाली रात्रीतून कोरडे होत. वरून जलरोधक आवरण घातले की मांडी ओली होत नाही. ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी बाजारातला मोठा संच एकदम घेऊ नये. घरातले वीस-चोवीस चौकोन आणि तीन-चार आवरणे घेऊन केवळ दिवसा वापरून पाहावे, आणि दर दोन-तीन तासांनी बदलावे.

खरी परीक्षा धुण्याची आहे. शी प्रथम संडासात टाकावी. वापरलेली बाळोती बादलीत भिजत ठेवू नयेत. साचलेल्या पाण्यात दुर्गंधी आणि जीवोत्पत्ती दोन्ही वाढतात. हवा खेळणाऱ्या टोपलीत ती तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी आधी थंड पाण्यातून काढावीत, मग गरम पाण्यात साबणाने धुवावीत आणि उन्हात वाळवावीत. आवरणे मात्र उकळू नयेत. त्यांचा जलरोधक थर सुटतो.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये दोन्ही प्रकारांचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन वायू, तर कापडी डायपरमुळे सरासरी ५७० किलो! पण यंत्र भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच कापड दुसऱ्या बाळासही वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे २०० किलोंनी उतरतो. म्हणजे नुसते कापड आणून पुण्य जमा होत नाही. ज्या गावी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे दिवसातून दोन-तीनच बाळोती वापरली तरी मी नावे ठेवणार नाही.

आता वहीतला हिशेब. दिवसाला सहा डायपर, एकास दहा रुपये धरले, तरी तीस महिन्यांचे ५४,००० रुपये होतात. चारशे रुपयांचे वीस कापडी डायपर ८,००० रुपयांत येतात. साबण, पाणी, वीज यांसाठी महिना पाचशे धरले तर आणखी १५,००० रुपये. नफा उघड आहे. परंतु या हिशेबात धुणाऱ्या बाईच्या कंबरेचे खाते कुणी उघडत नाही. घरातली सून किंवा मोलकरीण यांच्या माथी सारे टाकून आपण पर्यावरणाचे नाव मिरवणार असू, तर खोक्यातले डायपर बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेक सासरी निघाली तेव्हा हेच मी जावईबापूंना ऐकवले. ते हसले, वाटले, गोष्ट तिथेच राहिली. आता बाळ दहा महिन्यांचे आहे. रात्री अजूनही एक फेकायचे डायपर लागते. ते वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल ठिपका काढून वेगळे दिले जाते. दुकान उघडण्यापूर्वी धुण्याचे यंत्र जावईबापू लावतात आणि विहीणबाई गच्चीत दोरीवर बाळोती टाकतात. परवा त्यांनी फोनवर तक्रार केली, ‘‘ताई, तुमच्या मलमलचे दोन चौकोन फाटले, आणखी एखादी जुनी साडी आहे का?’’ मी दोन पाठवल्या आहेत.