मुलाचे मांजर जाते तेव्हा

परदेशातील आपल्या घरांत आजी-आजोबा क्वचितच असतात. त्यामुळे पुष्कळ मुलांना मृत्यूची पहिली ओळख मांजर किंवा हॅमस्टरच्या जाण्याने होते. हॅमस्टर तर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो. ब्रिटनमधील पशुवैद्य शेवटच्या इंजेक्शनाला ‘झोपवणे’ म्हणतात. घरी हा शब्द टाळावा. लहान मूल तो शब्दशः घेते आणि रात्री अंथरुणाला भिऊ लागते. ‘मेले’ असेच सांगावे. ‘देवाघरी गेले’ हे आपल्या तोंडी शोभत नाही, तरी सवयीने येतेच!

मग ते गेले कुठे? बाबासाहेबांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये याचे उत्तर आहे: पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वे आपापल्या समूहात मिसळतात. बागेत पुरताना मूठभर माती मुलाला टाकू द्यावी. ग्रंथातले वाक्य तिथे त्याला उमगते.

मृत बाळासाठी औषध मागणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी उपदेश केला नाही, मोहरी आणण्यासाठी दारोदार पाठवले. मुलालाही अशा शेजाऱ्यांकडे न्यावे, ज्यांचे कुत्रे वा मांजर गेले आहे. नव्या पिल्लाची घाई मात्र आईवडिलांनी करू नये. मूल स्वतः मागेपर्यंत थांबावे.