गालातून मानेत : कर्करोग वाट कशी काढतो

केशोरीची मिरची गोंदिया जिल्ह्यात नावाजलेली. पण खर्रा खाणाऱ्याला हीच मिरची एक दिवस सोसेनाशी होते. जेवताना तोंडाची आग होते, गाल आतून पांढुरके आणि ताठ पडतात, पुढे तोंडात दोन बोटंही मावत नाहीत. सुपारीमुळे येणारी ही कर्करोगाआधीची अवस्था. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पूर्व विदर्भात पोरासोरांच्याही खिशात असतो, त्यामुळे हा विषय इथे घराघराचा आहे.

मराठी मुलखात याचा अभ्यास जुना आहे. परळच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा छापला होता. पेशीच्या आतलं चित्र मात्र २०१३ मध्ये उलगडलं. खारघरचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग-संशोधन केंद्र आणि बंगालमधल्या कल्याणीची जनुकसंशोधन संस्था यांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या ११० रुग्णांच्या गाठी तपासल्या. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास, नॉच१ या जनुकांत पुन्हा पुन्हा बिघाड आढळले.

यांतला प्रत्येक बिघाड पेशीला काहीतरी मोकळीक देतो. टीपी५३ शाबूत असेल तर डीएनए मोडलेली पेशी थांबते किंवा मरते. ते बिघडलं की मोडका डीएनए घेऊनच ती विभागत राहते आणि नवे बिघाड साचत जातात. कॅस्प८ गेलं की मरणाचा एक मार्ग बंद होतो. पसरण्याच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते फॅट१. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये उंदरांत दाखवलं, की हे जनुक काढून टाकलं तर गाठीतल्या पेशी अर्धवट रूप पालटतात. शेजारणीला धरून राहण्याचा गुण थोडा उरतो, सरकत जाण्याचा गुण अंगी येतो, आणि अशा गाठी जास्त पसरतात.

तरीही ‘पसरण्याचं जनुक’ असं एखादं नाव सांगता येत नाही. मूळ गाठ आणि दूर गेलेली गाठ शेजारी ठेवून पाहिली, तर मुख्य बिघाड बहुतेक सारखेच निघतात. बराचसा फरक कोणतं जनुक किती जोरात चालू आहे, यात असतो. ‘ॲक्ट्रेक’मधल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांच्या जिभेवरच्या सुरुवातीच्या गाठी तपासल्या. मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या कर्करोगात एमएमपी१० हे जनुक जास्त चालू दिसलं. त्यापासून बनणारं विकर पेशींभोवतीचं जाळं कापतं. वाट मोकळी झाली की पेशी लसिकावाहिनीत शिरते आणि मानेत थांबते.

ती तिथे थांबली आहे हे अनेकदा बोटांना लागत नाही, हीच यातली भयंकर गोष्ट. टाटा रुग्णालयाचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. सगळ्यांची गाठ लहान, मान वरून साफ. काहींच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, बाकीच्यांच्या मानेत गाठ आल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांपैकी जवळपास ३० टक्के रुग्णांच्या ग्रंथींत कर्करोग लपलेला होता. म्हणून ‘गालातलं काढा, मानेला हात लावू नका’ असा घरच्यांचा आग्रह कितीही मायेचा असला, तरी तो जिवावर बेततो.

उरलेल्या सत्तर टक्क्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्या ग्रंथी साफ निघाल्या, पण शस्त्रक्रिया झालीच. मानेच्या या शस्त्रक्रियेत खांद्याच्या नसेला ताण बसू शकतो आणि हात वर उचलणं जड जातं. धानाचे भारे वाहणाऱ्या माणसाला ते फार महागात पडतं. एमएमपी१०सारख्या खुणेवरून कुणाची मान सोडायची आणि कुणाची नाही हे आधीच ठरवता येईल का, यासाठी हा सगळा शोध आहे. अशी चाचणी रोजच्या उपचारात अजून आलेली नाही.