अक्षरांचा परवाना

माझा भाचा पालघरला राहतो आणि बोईसरला डीटीपीचे दुकान चालवतो. एका ईदला त्याने माझे दोन शेर सुंदर, वळणदार देवनागरीत मांडून शुभेच्छापत्र केले आणि नातेवाइकांना पाठवले. पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याकडून पिंपांवरच्या लेबलांचे काम आले. त्यांनाही तेच अक्षर हवे होते. "मामू, फॉन्ट फुकटच आहे, वापरतो," भाचा म्हणाला. मी त्याला फॉन्टसोबत आलेली मजकुराची फाइल उघडायला लावली. तिथे स्पष्ट लिहिले होते, फक्त वैयक्तिक वापरासाठी.

मंडळी, फॉन्ट हेही सॉफ्टवेअरच. आणि सॉफ्टवेअर आपण विकत घेतो असे म्हणत असलो, तरी बहुतेक वेळा मिळते ती वापरण्याची परवानगी. राहायला दिलेल्या खोलीत भाडेकरूने पिठाची गिरणी टाकली, तर घरमालक ओरडणारच. गिरणीत नफा झाला की तोटा, हे तो विचारत नाही.

काही कंपन्या हे कुंपण आतच घालून ठेवतात. टॅलीच्या शिकाऊ प्रकारात महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेच्याच नोंदी होतात. शिकणाऱ्याला तेवढे पुरते, दुकानदाराचे भागत नाही. इतर ठिकाणी राखण आपल्या इमानावर.

चोरून उतरवलेल्या प्रतीची गोष्ट आणखी गंभीर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आले. संगणकावर अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात झालेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते. दंड मात्र ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. म्हणजे कायदाही हौस आणि धंदा वेगळे ओळखतो, पण हौसेला सरसकट माफी देत नाही.

मग छोट्या दुकानदाराने काय करावे? पैसे भरून धंद्याचा परवाना घ्यावा, किंवा मुळातच मोकळे असलेले घ्यावे. पत्रे आणि हिशेबाच्या तक्त्यांना लिबरऑफिस आहे. ते कचेरीतही विनामूल्य चालते. देवनागरीसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' आहे. त्याचा परवाना 'ओपन फॉन्ट लायसन्स'. पुस्तक छापा, लेबल छापा, पैसे मिळवा, हरकत नाही. फक्त फॉन्ट एकटाच विकायचा नाही आणि त्यात फेरफार करून वाटला, तर त्याच परवान्याखाली वाटायचा.

लेबले 'मुक्ता'त छापली गेली. आधीचे अक्षर जास्त नटवे होते, अशी कारखान्याची कुरकुर झाली, पण पिंपे वेळेवर रवाना झाली. आता भाच्याला ते ईदचे शुभेच्छापत्र दुकानात विकायला ठेवायचे आहे. अक्षर त्याने आठवणीने बदलले. शेरांबद्दल मला अजून विचारलेले नाही.