लेखांक सातवा : अर्धा शेर पाणी

१९७१ सालच्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या आप्तांच्या हाती सोपविले, आणि पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० वरून चारांच्याही खाली आणले, तो वृत्तान्त गतलेखांकी आला. परंतु छावणीत निदान डॉक्टर होता. जेथे तोही नाही आणि जुलाब लागलेले मूल सकाळचे संध्याकाळपर्यंत सुकून जाते, त्या खेड्यात हे पाणी करावे कोणी? फजले हसन आबेद यांच्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे बांगलादेशात जी मोहीम चालविली, तिची सारी भिस्त मुलाच्या आईवर होती.

कृती साधी : अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. जुलाबाच्या ऐन भरातही आतड्याची शर्करेसोबत क्षार शोषून घेण्याची शक्ती शाबूत राहते, आणि क्षारामागोमाग पाणी शरीरात परतते, हे त्यामागील शास्त्र. मात्र मीठ फाजील पडले तर तेच पाणी बालकास अपायकारक ठरावयाचे. म्हणून घरोघर फिरणाऱ्या सेविका आईजवळ बसत, तिच्याच घरच्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत, आणि पाणी तिच्याच हातून करवून घेत.

या मोहिमेतील जी तजवीज मला सर्वांत मोलाची वाटते, ती मेहनतान्याची. काही आठवड्यांनी दुसराच तपासनीस येई, शिकविलेल्या घरांपैकी शेकडा दहा घरे निवडी, शिकविलेल्या मुद्द्यांपैकी आईला किती स्मरतात ते विचारी, आणि त्या उत्तरांवरून सेविकेचा मेहनताना ठरे. जिच्या मताची आजवर ना घरात पुसतपास ना कचेरीत, त्या निरक्षर स्त्रीच्या स्मरणावर दप्तरातला पैशाचा आकडा अवलंबून राहिला. आणि म्हणूनच तिला सावकाश, आदराने, पुरते उमजेपर्यंत सांगणे सेविकेस भाग पडले. स्त्रियांच्या उन्नतीचे ठराव मी पुष्कळ वाचले आहेत, पण त्यांपैकी एकातही इतकी अचूक योजना मला आढळली नाही.

तथापि मुद्दे घडाघडा सांगणाऱ्या आया प्रत्यक्ष प्रसंगी पाणी क्वचितच करीत. शोध घेता कळले की खुद्द सेविकांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी कसे गुण देते ते समजाविले, आणि आईला शिकविताना त्यातला घोट स्वतः पिऊन दाखविण्याची रीत पडली. घरच्या पुरुषांना मात्र कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि त्यांच्या संमतीवाचून सुनेचा हात मिठाच्या मडक्याकडे वळत नसे. तेव्हा बाजारात व मशिदीत त्यांच्याशी बोलणी सुरू झाली. दशक सरताना सेविका १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत जाऊन आल्या होत्या.